लिटरमागे मामी

मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता मामींना सील लागलं. मनगटाला सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याचा बिल्ला, बिल्ल्यावर गरम लाखेचा लाल ठिपका. मामी एवढंच म्हणाल्या, "गाठ जरा सैल मार रे, हाताला मुंग्या येतात."

असं काहीही घडलेलं नाही. इंधन-मापन केंद्राच्या आवक वहीत त्या दुपारी "उपकरण, एक नग, जमा" एवढीच नोंद आहे. मामी म्हणजे एक नग आहे असं मामा लग्नापासून म्हणत आले होते, पण ते वेगळ्या अर्थाने. तेव्हा वरचं सगळं सोडून द्यावं. गोष्ट सुरू होते ती झाकणांपासून.

मामींच्या स्वयंपाकघरात एकाही भांड्यावर झाकण नव्हतं. दुधावर बशी, भातावर ताट, आणि पाणी उकळायला ठेवलं की त्यावर तबकडी दाबून मामी स्वतः उभ्या. घरातली झाकणं मामांनी कापली होती. एकदम नाही, आठ वर्षांत, एकेक करून, मामी अंघोळीला गेल्या की.

मामा टाइपरायटर दुरुस्त करायचे. जगाने टाइपरायटर वापरायचं सोडलं, मामांनी दुरुस्त करायचं सोडलं नाही. शेवटी गावातले सगळे टाइपरायटर इतके दुरुस्त झाले की त्यांच्यात बिघडायला काही उरलंच नाही, तेव्हा मामांची नजर गाडीकडे वळली. गाडी फिकट हिरवी, पेट्रोलवर चालणारी, पंचवीस वर्षांची. ती किती ॲव्हरेज देते असं कुणी विचारलं, की मामा त्याला चहा विचारायचे.

त्यांचा शोध होता एक बरणी. काचेची, रुंद तोंडाची. तिच्यात स्टीलच्या झाकणांच्या कापलेल्या आठ पट्ट्या, वर पाणी, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. दोन तारा बॅटरीकडे. वीज सोडली की बरणी फसफसायची आणि बुडबुड्यांतून निघालेला वायू, म्हणजे हायड्रोजन आणि त्याच्याबरोबर आपसूक येणारा ऑक्सिजन, रबरी नळीतून इंजिनाच्या हवेच्या तोंडात जायचा. पेट्रोलला हायड्रोजनचा हातभार लागला की तेवढंच पेट्रोल जास्त लांब नेईल, असा मामांचा हिशेब. बरणी बॉनेटखाली मावत नव्हती, म्हणून चालकाच्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसायची. मामी आठ वर्षं मागे बसत होत्या.

"पाण्यात बघ," मामा भाचीला समजावून सांगायचे, "दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. म्हणजे घरात माणसं तीन आणि त्यातली दोन नुसती बसून. त्यांना कामाला लावलं तर कुणाचं काय बिघडलं?"

"अहो मामा, त्यांना उठवायलाच वीज लागते ना," भाची म्हणायची. "वीज बॅटरीतून येते, बॅटरी इंजिन भरतं, इंजिन पेट्रोल पितं. शर्टाची बाही कापून त्याच शर्टाला ठिगळ लावताय तुम्ही. आणि कापताना थोडं कापड वायाही घालवताय."

"पण ठिगळ कसं बसलंय ते तर बघ!"

भाचीचं बोलणं उगीच नव्हतं. नऊ वर्षांची असल्यापासून ती मामा-मामींकडे वाढली आणि आता इंधन-मापन केंद्रात मोजणीला होती. केंद्रात तिला सगळे 'थेंब' म्हणत. एक डोळा मिटून ती काचेच्या नळीतली पेट्रोलची पातळी वाचायची, आणि एका थेंबासाठी आख्खा दिवस फुकट घालवायची तिची तयारी असे. खोटा आकडा तिच्या हातून लिहिला जायचा नाही. नाक मुठीत धरून सांगितलं तरी नाही, आणि मामांनी तसं सांगून पाहिलं होतं.

एका रविवारी मामींनी चहाचं भांडं उघडं बघितलं, त्यात पडलेली माशी बघितली आणि पिशवी काढली.

"हे बघा," त्या मामांना म्हणाल्या, "एक तर मी, नाहीतर ती बरणी."

"अगं, बरणीचा काय दोष?"

"दोष नाही ना? मग सरकारकडून लिहून आणा. थेंबाच्या ऑफिसातून कागद आणा की बरणीने पेट्रोल वाचतं. तसा कागद आला तर मी जन्मात अवाक्षर काढणार नाही, मागच्या सीटवर बसून मरेन. आणि नाही आला, तर बरणी भंगारात."

"भंगारात ती जाणार नाही," मामा म्हणाले. आवाज लहान होता, पण हटायचा नव्हता.

"मग मी बहिणीकडे जाते."

दोघांनी एकदमच भाचीकडे बघितलं. भाचीच्या हातात माशीवाला चहा होता. कागद द्यावा तर खोटं लिहायचं, आणि खरं लिहावं तर घर मोडायचं. तिने चहा पिऊन टाकला, माशीसकट.

केंद्रावर लिपिक होता. त्याला पोट होतं आणि कलमं पाठ होती, म्हणून त्याचं नाव पोटकलम. मामांचा अर्ज त्याने उजेडात धरून वाचला.

"नात्यातल्या माणसाला मोजणी करता येत नाही," तो भाचीला म्हणाला.

"मग दुसरं कुणी मोजा. मला तेच हवंय."

"थांबा ना, थेंबताई. नात्याची यादी आहे." त्याने बोटाने यादी वाचली. "पती, पत्नी, अपत्य, भावंड, सासू, सासरे, जामीनदार. मामा नाहीत यात. म्हणजे मामा हे नातं नाही. मोजा तुम्ही खुशाल."

सुटायची वाट तिथेच बंद झाली.

मोजणीची रीत साधी होती. गाडीच्या टाकीची नळी बंद करायची, काचेच्या भांड्यात बरोबर एक लिटर पेट्रोल घ्यायचं, त्यावर गाडी केंद्रामागच्या गोल रस्त्यावर फिरवायची आणि पेट्रोल संपून गाडी जिथे गचकून थांबेल तिथपर्यंतचं अंतर मोजायचं. पहिल्या दोन फेऱ्या केंद्राचा चालक घ्यायचा. तो कायम कुणीतरी पाठीमागे लागल्यासारखी गाडी हाकायचा. का ते कुणी विचारत नसे.

बरणी बंद ठेवून गाडी गेली चौदा किलोमीटर दोनशे मीटर. बरणी फसफसत ठेवून गेली चौदा किलोमीटर शंभर मीटर.

"शंभर मीटर कमी," भाची म्हणाली. "ती वीज, मामा. बाहीचं कापड."

मामांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "तुमचा हा चालक माणूस आहे का कोण आहे? वळणावर बरणी किती घाबरली बघितलंस? घाबरलेला हायड्रोजन जळणार कसा? मी चालवतो."

"चालतं," पोटकलम लांबूनच म्हणाला. "कलम सहा. अर्जदारास उरलेल्या फेऱ्या स्वतः."

मामा चाकामागे बसले. आधी त्यांनी बरणीचा पट्टा तपासला, मग आरसा. गाडी अशी निघाली की निघाली हे कळलंच नाही. भाची मागच्या सीटवर भांडं धरून बसली होती. मामा ब्रेक मारतच नव्हते. वळण यायच्या आधी पाऊण फर्लांगावर पाय उचलायचे आणि वळणाला गाडी आपली आपण दमून हळू व्हायची. जोरात गेलं की बरणीतलं पाणी हिंदकळायचं आणि सीट भिजायची, हे आठ वर्षांत त्यांच्या पायाला पाठ झालं होतं.

सोळा किलोमीटर आठशे मीटर.

"बघितलंस!" मामांनी गाडीतून उतरून बरणीला हात जोडले. "बघितलंस ना? कागद कुठाय? तुझ्या मामीला फोन लाव!"

भाचीने फोन लावला नाही. तिने वाकून बरणीची नळी इंजिनापासून उपटली, तारा काढल्या, आणि म्हणाली, "परत चला."

नळी सुटलेली, बरणी मेलेली, पाणी नुसतं पाणी. गाडी पुन्हा सोळा किलोमीटर आठशे मीटर गेली. एक मीटर कमी नाही, एक मीटर जास्त नाही.

मामा बॉनेटवर कोपर टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हायड्रोजन चालू नसतानाही काम करतो. हे तर अजूनच मोठं झालं."

"मामा."

"कळतंय गं मला," मामा म्हणाले.

तेवढ्यात फाटकातून मामी आल्या. हातात पिशवी होती. निकाल काय तो इथेच ऐकायचा आणि इथूनच बहिणीकडे निघायचं, परत घरी जाऊन कुलूप लावायचा व्याप नको, असा त्यांचा बेत. अर्जात पाच फेऱ्या लिहिल्या होत्या. पाचवी तेवढी उरली होती आणि ती घेऊन काही उपयोग नव्हता. पण घेतली नाही तर निकाल लगेच सांगावा लागणार, म्हणून ती म्हणाली, "अजून एक फेरी बाकी आहे."

बरणीच्या पट्ट्याचं बकल मात्र एवढ्या धावपळीत तुटलं होतं.

"कुणीतरी धरायला हवी तिला," मामा म्हणाले.

मामींनी पिशवी खाली ठेवली. "आणा इकडे. इतकी वर्षं हिने माझी जागा धरली, आज मी हिला धरते."

आणि आठ वर्षांनी मामी पुढच्या सीटवर बसल्या. सीट त्यांना जरा खोल वाटली. बरणीच्या बुडाचा गोल खड्डा पडला होता. बरणी मांडीवर. भाची मागे.

"हळू," मामी म्हणाल्या.

"अजून सुरूच नाही केली."

"म्हणून आधीच सांगते."

गाडी निघाली.

"हळू. पुढे वळण आहे."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर पाय काढा ना वरून."

"काढला."

"अर्धा काढलात. मला कळत नाही का? अहो, तो कुत्रा."

"तो रस्त्यात नाहीये गं."

"येईल. कुत्र्याचा काय भरवसा? आणि गियर कसला खरखरवताय, वरचा टाका. हां. आता राहू द्या तसंच. नुसतं राहू द्या."

मामा 'नुसतं राहू द्या' अशा वेगाने चालवत राहिले. एकोणीस किलोमीटर सहाशे मीटर.

भाचीचं डोकं चालायला लागलं. तिने मामींच्या मांडीवरून बरणी उचलली आणि रस्त्याकडेला गवतात ठेवली. "मामा, फक्त मामी. बरणी नको. एकदाच."

वीस किलोमीटर तीनशे मीटर.

तिने तीन वेळा मोजलं. मग गवतात बसून आकड्यांकडे बघत राहिली. बरणीने पेट्रोल वाचत नव्हतं. बरणीच्या काळजीने थोडं वाचत होतं. मामींनी पुष्कळ वाचत होतं. म्हणजे कागदावर बरणी नापास, पण घर मोडायचं काही कारणच नव्हतं; मामांनी हा आकडा एकदा नीट बघितला असता तर बरणी स्वतःच्या हाताने ठेवून दिली असती. आनंदाच्या भरात भाचीने आयुष्यातली एकमेव चूक केली. तिने सगळे आकडे, खरे, थेंबासकट, अर्जावर लिहिले.

केंद्राचे साहेब बावीस वर्षं त्या खुर्चीत होते. बावीस वर्षांत त्यांच्यासमोरून पेट्रोल वाचवणारी चारशे सोळा उपकरणं गेली होती. लोहचुंबक, गोळ्या, नळीत बसवायचे छोटे पंखे, मंत्रून दिलेला नट. चारशे सोळा नापास. 'अनुत्तीर्ण'चा शिक्का झिजून नुसता 'अनु' उमटायचा. 'उत्तीर्ण'चा अजून वेष्टनात होता. आणि मागच्याच महिन्यात वरून परिपत्रक आलं होतं की केंद्राने किमान एक उपकरण उत्तीर्ण करावं, अन्यथा केंद्र बंद का करू नये याचा खुलासा करावा.

साहेबांनी शेवटचा आकडा दोनदा वाचला. "चौदा-दोनशेवरून वीस-तीनशे? पोटकलम, हे किती टक्के होतात?"

"त्रेचाळीस, साहेब. जवळजवळ."

"कशामुळे?"

पोटकलमने रकाना बघितला. "चाचणीच्या वेळी गाडीत जे जे मूळचं नव्हतं ते ते उपकरण, कलम तीन. इंधनाचं भांडं धरणारी थेंबताई सगळ्या फेऱ्यांना होती, म्हणजे ती गाडीतच मोजली गेली. बरणी गवतात होती. उरल्या…" त्याने मान वर केली. "बाई, पुढे या."

"साहेब, तसं नाहीये ते," भाची म्हणाली. "ती माझी मामी आहे!"

"मामा नातं नाही, तर मामी कुठून आली?" पोटकलम म्हणाला आणि फॉर्म भरायला बसला. "वजन?"

"अंदाजे लिहा," मामी म्हणाल्या. "आणि कमी लिहा."

"उत्पादनाचं वर्ष?"

"ते तर अजिबात लिहू नका."

"आवाज?"

"होतो," मामा म्हणाले.

"सतत की अधूनमधून?"

"गाडी बंद असतानाही होतो."

"स्फोटाचा धोका?"

मामांनी मामींकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. पोटकलमने 'आहे' लिहिलं.

साहेबांनी 'उत्तीर्ण'च्या शिक्क्याचं वेष्टन फाडलं. त्यांचे डोळे भरून आले होते. शिक्का एवढ्या जोरात बसला की शेजारच्या दोन कागदांवरही उत्तीर्ण उमटलं. त्यातला एक चहावाल्याचा होता.

"अभिनंदन," ते मामांना म्हणाले. "आता कलम नऊ."

कलम नऊ असं, की उत्तीर्ण उपकरणाचा नमुना केंद्राच्या भांडारात एक वर्ष सीलबंद राहील. आजवर काहीच उत्तीर्ण न झाल्यामुळे ते कलम कुणी वाचलेलंच नव्हतं. पोटकलमनेसुद्धा नुसतं पाठ केलं होतं.

"अहो, माणसाला कसं सील लावाल?" भाची ओरडली.

"माणसाला नाहीच लावत. उपकरणाला लावतोय."

भाचीला वाटलं, आता मामी कडाडतील. पण मामींनी आधी भांडाराच्या खोलीत डोकावून बघितलं.

"पंखा आहे का?"

"आहे."

"दाराला आतून कडी?"

"आहे, पण बाहेरून कुलूप राहील."

"आत कोण कोण असतं?"

"कुणी नाही. चारशे सोळा नापास उपकरणं आहेत."

"मग ठीक आहे," मामी म्हणाल्या. "सवय आहे मला." आणि मामांकडे न बघता हात पुढे केला. "तसंही मी बहिणीकडे चाललेच होते. तिच्याकडे तिची सासू असते."

मामा मधे आले नाहीत. हातात बरणी घेऊन ते दारात उभे होते, आणि बरणी कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं.

कायद्याने नमुन्याची पाहणी करता येत होती. दर गुरुवारी, दहा मिनिटं, लेखी अर्ज देऊन. मामा दर गुरुवारी यायचे. पहिल्या गुरुवारी त्यांनी मामींसाठी एक नवंकोरं झाकण आणलं. पोटकलमने ते जाळीतून आत जाऊ दिलं नाही. नमुन्याला बाहेरचा भाग जोडता येत नाही. दुसऱ्या गुरुवारी मामा झाकणाशिवाय आले आणि दहा मिनिटं जाळीला धरून उभे राहिले.

"जेवता का नीट?" मामींनी आतून विचारलं.

"जेवतो."

"काय जेवता?"

"जे सापडेल ते."

"गाडी?"

"चौदा देते," मामा म्हणाले. "तेरासुद्धा. कोण सांगणार हळू म्हणून?"

"बरणी आहे ना."

"बरणी," मामा म्हणाले, "परवा टाकली भंगारात. सीट रिकामी आहे."

मामी पाचेक मिनिटं काही बोलल्या नाहीत, असं पाहणीच्या नोंदीत आहे. मग त्यांनी भाचीला हाक मारली. "थेंबा, मला काढ गं इथून. इथे सगळं आपापल्या जागेवर असतं. कुणी काही कापत नाही, कुणी काही सांडत नाही. मी बोलू कुणाला?"

भाचीने कलमांचं पुस्तक तीन रात्री नाही, तीन जेवणाच्या सुट्ट्या बसून वाचलं. सुटकेचा एकच मार्ग होता. फेरचाचणीत उपकरण नापास झालं, तर प्रमाणपत्र रद्द आणि नमुना परत.

"तू फक्त बोलायचं नाहीस," तिने मामींना समजावलं. "वीस मिनिटं. एक शब्द नाही. मामा आपले चालवतील हवे तसे, गाडी चौदावर येईल, आणि संध्याकाळी तू घरी."

"वीस मिनिटं?" मामींनी विचार केला. "गप्प? मी? बरं. घर आहे म्हणून."

सोमवारी सील तोडलं. साहेब स्वतः आले होते, आणि त्यांचा चेहरा पडला होता. मामी पुढच्या सीटवर बसल्या, ओठ आवळून. मामांनी गाडी सुरू केली आणि चमकून शेजारी बघितलं.

"काय झालं?"

मामी गप्प.

"वेग जास्त आहे का? अगं, आत्ता तर निघालोय." त्यांनी पाय थोडा उचलला. "रागावलीस?"

मामी गप्प. रस्त्यात तोच कुत्रा होता, आज अगदी मधोमध. मामींनी डोळे मिटून घेतले, पण तोंड उघडलं नाही. मामांनी चाळीस हात आधीच गाडी जवळजवळ थांबवली. मामी बोलत असल्या की त्यांना कळायचं कुठे चुकलं. आता कुठेही चुकलेलं असू शकत होतं. म्हणून ते सगळीकडेच हळू झाले. बाजूने केंद्राचा चालक सायकलवर पुढे निघून गेला.

"मामा, पाय दाबा ना!" भाची मागून कळवळून म्हणाली. "एकदाच दाबा. जोरात. म्हणजे सुटलो आपण."

मामांनी दाबायचा प्रयत्न केला. पाय पेडलपर्यंत गेला आणि तिथूनच परत आला. "नाही जमत गं," ते म्हणाले. "ती पुढे बसलीय."

बावीस किलोमीटर सातशे मीटर.

गाडी थांबली. भाचीने पेन काढलं. अंतर तिने एकटीने मोजलं होतं. साहेब लांब होते, पोटकलम खुर्ची आणायला गेला होता. चौदा लिहिलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. तिने चौदातल्या एकाचा दांडा काढला आणि हात थांबला.

"बघतेय हां मी आरशातून," मामी म्हणाल्या. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. "खरं लिही. इतकी वर्षं मोजून मोजून तुला मोठी केली ती ह्यासाठी का? खोट्या आकड्याने सुटले तर मी घरी नाही, थेट बहिणीकडे जाईन. सासूसकट राहीन."

भाचीने बावीस-सातशे लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

साहेबांनी तिथेच रस्त्यावर पोटकलमला मिठी मारली. विनाआवाज चालणारी सुधारित आवृत्ती म्हणून मामींची नव्याने नोंद झाली; आधीच्या 'स्फोटाचा धोका' समोर 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहिलं. सुधारित आवृत्तीला कलम नऊ नव्याने लागू होतं आणि मुदत तीन वर्षांची असते. लाख पुन्हा तापायला ठेवली.

मामा रस्त्याच्या कडेला बसले होते. भाची त्यांच्या शेजारी जाऊन बसली. बराच वेळ ती त्यांच्या उजव्या बुटाकडे बघत होती. मग तिने मांडीवर कागद घेतला आणि एक डोळा मिटला, नळीतली पातळी वाचताना मिटायची तसा.

"मामा, तुम्ही फक्त सही करा," ती म्हणाली. "ह्यात एक शब्द खोटा नाही."

प्रति,
प्रमुख, इंधन-मापन केंद्र

विषय : उपकरण क्रमांक ४१७ चा अपूर्ण नमुना पूर्ण करून घेण्याबाबत.

महोदय,

वरील उपकरण आपल्या भांडारात जमा आहे. दोन्ही चाचण्यांच्या नोंदींवरून असे स्पष्ट होते की सदर उपकरण बोलत असो वा नसो, इंधनाची बचत प्रत्यक्षात घडते ती निम्नस्वाक्षरीकाराच्या उजव्या पायात. सबब, सदर पाय हा उपकरणाचा अविभाज्य भाग असून तो केवळ नजरचुकीने घरी राहिलेला आहे व तेथे त्याचा कोणताही उपयोग होत नाही. अपूर्ण नमुना सीलबंद ठेवणे हे कलम नऊच्या विरुद्ध आहे.

तरी सदर उजवा पाय, त्यास जोडलेल्या उर्वरित अर्जदारासह, त्याच खोलीत, शक्य असल्यास त्याच सुतळीने, उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी सीलबंद करण्यात यावा, ही नम्र विनंती.